घरी कोण राहणार

नायगाव,
१८ जून १९५७

बाई,

नळ आला तेव्हा उजाडलं नव्हतं. मी दोन हंडे भरून आणले, शेगडी पेटवली, चहा ठेवला, रात्रीच्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या. एरवी नलू माझ्या बरोबरीने उठायची, स्वतःची वेणी घालून व्हायची आणि मग बकुळाची चादर ओढायची. त्या दिवशी ती हललीच नाही. कपाळाला हात लावला तर कढत. डोळे लाल, नाक वाहत होतं. मी म्हटलं, राहा आज घरी. ती म्हणाली, "आई, आज गणिताचा पेपर आहे. उद्यापासून मतदानाची सुट्टीच आहे, तेव्हा झोपेन की." मी तिचं तोंड पुसलं, तिला चहा-बटर दिलं, बकुळाच्या केसांतून फणी फिरवली. गिरणीचा पहिला भोंगा झाला. कुलूप लावलं आणि आम्ही तिघी निघालो.

तुम्ही विचारलंत, त्या सकाळी नलू कशी होती. अशी होती. तुमचं पत्र मे महिन्यात आलं, पण हातात लेखणी धरवेना. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पेपर झाल्यावर तुम्ही तिला तुमच्या टेबलाशी सतरंजीवर निजवलंत, हेही मला बकुळाने सांगितलं. तिसऱ्या दिवशी अंगावर गोवर फुटला. मग छाती भरली. ते सगळं तुम्ही इस्पितळात येऊन पाहिलंत.

आता एक गोष्ट लिहिते, ती तुम्ही पाहिलेली नाही. शेजारच्या खोलीत रखमा राहते. तिच्या माधवला आधी गोवर आला होता. पूर्वी कुणाच्या घरी गोवर आला की आम्ही म्हणायचो, देवी आली. दारावर कडुनिंबाचा टहाळा लावायचा. तो दिसला की बाहेरचं पोर आत जायचं नाही, आतलं बाहेर यायचं नाही. शाळेचं तर नावच नको. गेल्या वर्षी आम्ही धम्म घेतला. देव सोडले, देवी सोडली. चांगलं केलं, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण देवीबरोबर आम्ही टहाळाही सोडला. रखमाने दारावर काही लावलं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. नलू रोज संध्याकाळी माधवला गोष्टी सांगायला जायची.

बाई, पोर केव्हा घरी ठेवायचं आणि केव्हा शाळेत पाठवायचं, हे मला लिहून पाठवा. मोठ्या अक्षरात लिहा. मी नलूच्या पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकले आहे, घाईचं अक्षर मला लागत नाही. मी आमच्या मजल्यावरच्या बायकांना वाचून दाखवीन.

जाईबाई


गिरगाव,
२४ जून १९५७

जाईबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बदली होऊन मी माहीमच्या शाळेत आले तरी रोज वर्गात शिरताना पहिल्या बाकावर नजर जाते. जास्त लिहीत नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर माझा मावसभाऊ श्यामकांत याला विचारून लिहिते. तो डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. साधी सर्दी असेल, ताप नसेल, पोर खेळत-खात असेल तर शाळेत पाठवायला हरकत नाही. ताप असेल तर पाठवू नये, आणि ताप उतरला तरी पुढचा एक पूर्ण दिवस घरी ठेवावं, कारण सकाळी उतरलेला ताप पुष्कळदा दुपारी परत चढतो. उलट्या, जुलाब होत असले तर ते थांबून एक दिवस जाऊ द्यावा. डोळे आले असतील, अंगावर पुरळ असेल, खरूज असेल, तर घरीच. घसा दुखून आत पांढरं दिसलं तर वेळ न घालवता इस्पितळात न्यावं, तो घटसर्प असू शकतो. गोवराचं मात्र नीट ध्यानात ठेवा. तो पुरळ येण्याच्या आधीपासूनच लागतो. नुसती सर्दी, ताप आणि लाल डोळे असतात तेव्हाच तो सगळ्यांत जास्त पसरतो. पुरळ उठल्यावर चार-पाच दिवस तरी मुलाला दुसऱ्या मुलांत सोडू नये.

आजारी मुलाने आईजवळ शांत पडून राहावं, पातळ खावं, भरपूर पाणी प्यावं. मोठं औषध हेच. तुम्ही हे काम हाती घेतलंत याचं मला फार समाधान वाटतं.

आपली,
ललिता


नायगाव,
७ जुलै १९५७

बाई,

रविवारी आमच्या मजल्यावरच्या बायकांना जिन्याजवळ बसवून तुमचं पत्र वाचलं. वाचताना दोनदा अडले. सुंदराबाई म्हातारी म्हणाली, "थांबत थांबत वाच गं, पळून नाही चाललं कागदावरचं." तिला दिसत नाही, पण कान तिखट आहेत.

ताप आला तर शाळा नाही, इथपर्यंत सगळ्यांनी मान हलवली. मी म्हटलं, आणि ज्या घरात गोवर असेल त्या दारावर टहाळा लावायचा. तेव्हा राजारामभाऊ मधे पडला. तो आमच्या मंडळाचा, बोलायला धारदार. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघाला होता, टोपी हातातच होती. म्हणाला, "जाईवहिनी, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. दारावर टहाळा म्हणजे देवी परत घरात घेतली. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "देवी गेली भाऊ. गोवर गेला नाही."

"मग कागद लावा. लिहा त्यावर, गोवर आहे म्हणून."

रखमा म्हणाली, "वाचणार कोण? तुमचा बाप?" सगळ्या हसल्या. राजारामभाऊसुद्धा हसला. मग त्यालाच वाटलं असावं की आपण हसायला नको होतं, कारण तो माझ्याकडे बघून खाली बसला. म्हणाला, "नलूसाठी म्हणता ना वहिनी? लावा. पण नारळ नाही, हळद-कुंकू नाही, नवस नाही. नुसता पाला. कुणी विचारलं तर सांगायचं, ही पाटी आहे." तसं ठरलं. एक जण म्हणाली, मुंबई मिळाली की सरकारी डॉक्टर दारोदार येतील, तोवर पाल्यावर भागवू.

तुम्ही सांगितलेलं सगळं आमच्या मजल्यावर लागू झालं. तुमचा कागद मी भिंतीला चिकटवला आहे.

बकुळा सध्या घरीच असते. तुमच्या जुन्या शाळेतून तुमच्याकडे चौकशी आली तर एवढं सांगा.

जाईबाई


गिरगाव,
१३ जुलै १९५७

जाईबाईंना नमस्कार,

टहाळ्याची हकिकत मी आत्याबाईंना थोडक्यात सांगितली. मला लहानपणी वाढवलं त्या या माझ्या आत्या, आता आम्ही दोघीच इथे असतो. त्यासुद्धा म्हणाल्या, बाई हुशार दिसते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना मी तुमचं उदाहरण सांगितलं.

बकुळाची मात्र काळजी वाटते. तिला ताप येतो आहे का? सध्या फ्लूची मोठी साथ आहे, आमच्या शाळेत निम्मे वर्ग रिकामे असतात. तिला पेज, ताक द्या. आत्याबाईंनी तिच्यासाठी अर्धा डबा साबुदाणा दिला आहे, तो गड्याबरोबर पाठवते आहे. पण जाईबाई, ती आजारी नसेल, आणि तुम्ही केवळ भीतीने तिला घरी ठेवत असाल, तर तसं करू नका. मी समजू शकते. एक मुलगी गेल्यावर दुसरीला उंबऱ्याबाहेर सोडवत नाही. पण नियम आजारी मुलांसाठी आहे. धडधाकट मूल शाळेतच जायला हवं. ती तिसरीत आहे, आणि तिचं वाचन नलूपेक्षाही स्वच्छ आहे. तिला मागे पडू देऊ नका.

आपली,
ललिता


नायगाव,
२८ जुलै १९५७

बाई,

साबुदाणा मिळाला. आत्याबाईंना नमस्कार सांगा. तो बकुळाने खाल्ला नाही, इतर पोरांना खीर करून घातला. त्याचं कारण सांगायला हे पत्र लिहिते. मागच्या वेळी लिहायचं टाळलं, कारण मला वाटलं होतं चार दिवसांचं काम आहे.

बकुळाला काही झालेलं नाही. तिचे बाबा गेल्यापासून ती फक्त एकदा आजारी पडली आहे. ती धडधाकट आहे, म्हणूनच घरी आहे.

तुम्ही लिहिलंत, आजारी मुलाने आईजवळ पडून राहावं. आमच्या मजल्यावरच्या आया सकाळी भोंग्याला निघतात. मी वाइंडिंग खात्यात कायम आहे, पण रखमासारख्या कितीतरी बदलीवर आहेत. बदलीवाल्या बाईने रोज गेटावर जाऊन उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. चार दिवस दिसली नाही की जॉबर दुसरीला उभी करतो. गिरणीतल्या पाळणाघरात तापाचं पोर घेत नाहीत, बरोबरच आहे. पुरुष असतात त्या घरांतही पुरुष पाळीला असतात, नाहीतर संपावर. पूर्वी तापाचं पोर शाळेत जायचं कारण शाळेत निदान कुणीतरी बघणारं होतं. नलूसुद्धा म्हणूनच गेली. पेपर होता ते खरं, पण ती घरी राहिली असती तरी मी तिला आत ठेवून बाहेरून कुलूपच लावणार होते.

नियम झाला त्याच आठवड्यात माधवला ताप आला. रखमा त्याला कडेवर घेऊन माझ्या दारात आली. "घे, नियम तुझा. आता सांग घरी कोण राहणार?"

मी म्हटलं, "तुझी दुर्गा?"

"दुर्गाला गेल्या वर्षी ह्याच्यापायीच शाळेतून काढली. दुसरी झाली आणि घरी बसवली. आता जरा ती परत जाईल म्हणतेय, तर तू म्हणतेस तिलाच ठेव? तू बायकांना शहाणपण शिकवलंस, तर तुझी पोरगी ठेव." मग रडायला लागली. म्हणाली, "नलूला माझ्या घरातून लागलं, हे मला माहीत आहे गं. म्हणून मी टहाळ्याला पहिली हो म्हटलं. पण मी गेटावर गेले नाही तर खाऊ काय?"

सुंदराबाई आहे, पण तिला दिसत नाही. म्हणून बकुळाला त्या दिवशी ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी एकीने पोर आणून निजवलं. मग ही साथ आली. आता आमच्या खोलीत भिंतीला ओळीने पोरं झोपलेली असतात. बकुळा त्यांना पाणी पाजते, ओल्या फडक्याने पुसते, उलटी भरते. पोरं तिला बकुळाबाई म्हणतात. ती खूश होते. मला ते ऐकवत नाही.

जुन्या शाळेचा शिपाई दोनदा विचारून गेला. मुख्याध्यापक म्हणतात, महिनाभर गैरहजर आहे, नाव कमी करावं लागेल.

मी नियम मोडायला तयार आहे, बाई. पण मोडला तर एखादं पोर नलूसारखं जाईल. तुम्हीच सांगा.

जाईबाई


गिरगाव,
१ ऑगस्ट १९५७

जाईबाई,

हे काय करून बसलात! आजारी मुलांना घरी ठेवता यावं म्हणून निरोगी मुलीची शाळा बुडवायची, हा कुठला न्याय? नऊ वर्षांची मुलगी, आणि तिच्या अंगावर अख्ख्या मजल्याचं आजारपण! तिला फ्लू झाला तर? मी तुम्हाला रागावते आहे, पण खरं तर मी माझ्यावरच रागावले आहे. "आईजवळ" हा शब्द मी किती सहज लिहिला! आमच्याकडे आई घरी असते, असं मी धरूनच चालले.

माझं ऐका. बकुळाला माझ्याकडे पाठवा. इथे मी आणि आत्याबाई दोघीच. जागा भरपूर आहे. समोरच्या गल्लीत मुलींची चांगली शाळा आहे, तिथल्या बाई माझ्या मैत्रीण आहेत. मी आजच बोलले, त्या तिसरीत घेतील. सकाळी मी तिची वेणी घालीन, संध्याकाळी अभ्यास घेईन. शनिवारी ती तुमच्याकडे येईल. नाही म्हणू नका.

आपली,
ललिता


नायगाव,
१० ऑगस्ट १९५७

बाई,

नाही म्हणत नाही.

मजल्यावर सांगितलं. कुणी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. रखमा एवढंच म्हणाली, "तुझी सुटली." पोरांचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू, असं म्हणाल्या, पण तोंडं दुसरीकडे करून. सुंदराबाईने बकुळाला जवळ बोलावून तिचा चेहरा चाचपला. राजारामभाऊने मात्र पाटी-पेन्सिल आणून दिली. म्हणाला, "गिरगावात जातेस, इंग्रजी शीक. परत आलीस की मला शिकव."

मी तिचे दोन परकर उसवून लांब केले. ती विचारते, तिथून चौपाटी किती लांब? आत्याबाई रागावतात का? तिथे नळ दिवसभर असतो का? मी म्हटलं, जाऊन बघ.

एक विचारते, रागावू नका. आम्ही कोण ते आत्याबाईंना सांगितलंत का? आधीच सांगा. मागाहून कळलं तर ते तिच्या ताटावर कळेल, आणि ती बोलणार नाही. ती न बोलणारी पोर आहे.

येत्या रविवारी आणून सोडू का? कळवा. रविवारी मला सुट्टी असते.

जाईबाई


गिरगाव,
२२ ऑगस्ट १९५७

जाईबाईंना नमस्कार,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. रविवार दोनदा गेला. तुम्ही वाट पाहिली असेल.

आत्याबाईंची प्रकृती मध्यंतरी बरी नव्हती. त्यांना दगदग सोसत नाही. शिवाय गणपती आठवड्यावर आले, पाहुणे यायला लागतील, घरात सोवळ्या-ओवळ्याचं फार असतं. अशात मुलीची आबाळ होईल असं वाटतं. म्हणून तूर्त थांबावं हे बरं. दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत शाळेच्या बाईंना मी सांगून ठेवलं आहे.

मी एखाद्या रविवारी तिकडे येऊन जाईन म्हणते. बकुळासाठी गोष्टींचं एक पुस्तक पाठवत आहे.

तुमची,
ललिता


नायगाव,
५ सप्टेंबर १९५७

बाई,

पुस्तक मिळालं. चित्रं छान आहेत.

आत्याबाईंच्या तब्येतीचं वाचलं. तुम्ही त्यांना सांगितलंत, हे बरं केलंत. दिवाळीनंतर त्यांची तब्येत सुधारेल असं मला वाटत नाही. तुम्हाला त्यांच्याबरोबर त्या घरात राहायचं आहे, त्यांनी तुम्हाला वाढवलं आहे, ते मला कळतं. तुमच्यावर माझा राग नाही. खोटं लिहिताना तुमचं अक्षर बिघडलं होतं, मला दोन ओळी लागायला वेळ लागला.

बकुळाला मी म्हटलं, आत्याबाई आजारी आहेत, आता जायचं नाही. ती म्हणाली, "मग तर मी जाते की. मला आजारी माणसाचं करता येतं." तिने परकर घडी करून ठेवून दिले. माधवला परत ताप होता, ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

तुम्ही येऊ नका असं नाही. या. पण बकुळाला शाळेबद्दल काही विचारू नका. रोज संध्याकाळी मी तिला घरी शिकवीन, असं मी लिहिणार होते. मग वाटलं, मला जेवढं येतं तेवढं तिला आधीच येतं.

मजल्यावर फ्लू उतरला आहे, पण रोज एखादं तरी तापाचं पोर आमच्या खोलीत असतंच. आमच्या मजल्यावर या वर्षी एकही पोर गेलं नाही. खालच्या मजल्यावर दोन गेली. खालच्या बायका येऊन विचारतात, तुम्ही काय केलंत? मी त्यांना भिंतीवरचा कागद वाचून दाखवते. त्या पाठ करतात आणि मग खोलीत डोकावून बकुळाकडे बघतात. त्यांच्या मनात काय येतं ते मला दिसतं. एकीच्या घरी दहा वर्षांची पोरगी आहे.

परवा रखमा आली. दारातच उभी राहिली, आत येईना. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, "दुर्गाला घेऊन शाळेत गेले होते. हेडमास्तर म्हणतात तिसरीचा वर्ग भरला आहे. एखादं नाव निघालं तर घेतो म्हणाले." एवढं बोलून ती पायांकडे बघत राहिली. पुढचं तिला बोलताच आलं नसतं. दुर्गा जिन्यात उभी होती, केस चापून बसवलेले, नव्या रिबिनी लावून.

मी रखमाला म्हटलं, "उद्या बघू."

आत बकुळा माधवला पाणी पाजत होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आई, दुर्गाला माझं वाचनाचं पुस्तक पण दे. तिच्या पुस्तकाला मधली पानं नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, शाळेत गेले आणि बकुळाचं नाव काढलं.

जाईबाई